दुसऱ्या एका मंडळाचा इतिहास

आपल्या मंडळाचा इतिहास याआधीच्या स्मरणिकांमधून इतक्या वेळा छापून आला आहे की पहिली वर्गणी किती होती, पहिला गणपती कुणाच्या ओट्यावर बसला आणि पत्र्याची शेड कुठल्या पावसात पडली, हे आता शाळकरी पोरांनाही पाठ आहे. म्हणून यंदा संपादक मंडळातल्या मुलांनी मला गळ घातली, "काका, या वेळी दुसऱ्या एखाद्या संस्थेचा इतिहास लिहा." त्यांच्या मनात बहुधा एखादी पतपेढी नाहीतर महापालिकेची मराठी शाळा असावी. मी निवडलेली संस्था जिनिव्हाला आहे. तिचं नाव संयुक्त राष्ट्रांची व्यापार आणि विकास परिषद. एवढं लांब नाव कोण घेणार? आद्याक्षरं जोडून तिला अंकटाड म्हणतात.

सुरतेच्या उधन्यातल्या स्मरणिकेत जिनिव्हा कशाला, असं कुणी विचारील. मी पस्तीस वर्षं लूमच्या कारखान्यात मेहताजी होतो. ताके मोजायचे, कारागिरांच्या मीटरचा हिशेब वहीत घ्यायचा, पगाराच्या दिवशी शिव्या खायच्या. या कामात एक गोष्ट फार लवकर कळते. कापड ज्याच्या मागावर निघतं, भाव त्याच्या हातात नसतो. यार्नचा भाव वरून येतो, ग्रे कापडाचा भाव रिंग रोडच्या मार्केटातून येतो, आणि दोघांच्या मध्ये जे चार पैसे उरतात त्यांच्यासाठी कारखानदार आणि कारागीर एकमेकांशी भांडतात. कारखानदारांची संघटना असते. ती सभा घेते, निवेदन देते, हार घातलेले फोटो छापून आणते. पण भाव त्या सभेत ठरत नाही, तो कुठल्यातरी गादीवर बसून ठरतो. जगाच्या बाजारात गरीब देशांची गत थोडीफार अशीच आहे. अंकटाड ही त्यांची संघटना, आणि गादी कुठे आहे ते पुढे येईलच.

संस्थेचा इतिहास लिहिताना आधी 'पार्श्वभूमी' नावाचा परिच्छेद लिहायची आपल्याकडे पद्धत आहे. ही पार्श्वभूमी उधन्यापासून फार लांब नाही. तापीच्या काठावर इंग्रजांना वखारीची परवानगी मिळाली ती 1613 साली. सुरतेच्या बंदरातून छापील सुती कापड लंडनला जाऊ लागलं आणि तिथल्या बायकांना ते इतकं आवडलं की तिथले लोकर आणि रेशीम विणणारे रस्त्यावर उतरले. मग ब्रिटिश संसदेने 1700 साली पूर्वेकडच्या छापील कापडावर बंदी घातली, आणि ती पुरेशी होईना म्हणून 1721 साली छापील सुती कापड वापरण्यावरच घातली. सुरतेच्या छिप्याला किंवा विणकराला कुणी विचारलं नव्हतं. त्याला बहुतेक कारणही कळलं नसेल. एवढंच कळलं असेल की यंदा दलाल आला नाही.

उधन्याहून गाडीत बसलं की दक्षिणेला अर्ध्या-पाऊण तासात नवसारी येतं. दादाभाई नवरोजींचं घराणं तिथलं. हिंदुस्थानातून दरवर्षी किती पैसा इंग्लंडला वाहून जातो याचा हिशेब त्यांनी आयुष्यभर मांडला आणि 1892 साली लंडनच्या एका मतदारसंघातून निवडून येऊन तोच हिशेब ब्रिटिश संसदेत ऐकवला. गरीब मुलखाने श्रीमंतांच्या सभागृहात उभं राहून आकडे वाचून दाखवायचे, ही रीत त्यांनी घालून दिली. अंकटाडचे पुढचे सगळे अहवाल मला त्याच वहीची पानं वाटतात.

आता एक मराठी माणूस. रायगडच्या पायथ्याशी नाते नावाचं गाव आहे, तिथे 1896 साली चिंतामणराव देशमुख जन्मले. पुढे अर्थमंत्री झाले, 1956 मध्ये मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा देऊन मोकळे झाले, मेघदूताचं मराठी भाषांतर केलं, हे आपण शाळेत ऐकलेलं असतं. त्याच्या आधीची एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. 1943 साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि पुढच्याच जुलैत अमेरिकेतल्या ब्रेटन वुड्स नावाच्या डोंगराळ गावी गेले. दुसरं महायुद्ध अजून चालू होतं. युद्धानंतर जगाचा पैसा कसा चालेल हे ठरवायला 44 देश एका हॉटेलात जमले होते. जागतिक बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी, दोघींचं बारसं तिथलं.

भारत तेव्हा स्वतंत्र नव्हता. शिष्टमंडळाचे प्रमुख व्हाइसरॉयचे अर्थसदस्य सर जेरेमी रेझमन, त्यांच्याबरोबर सर थिओडोर ग्रेगरी हे आणखी एक इंग्रज, आणि देशमुख, षण्मुखम चेट्टी आणि मुंबईचे ए. डी. श्रॉफ असे तीन भारतीय. ज्या साहेबाकडून पैसे वसूल करायचे त्याचाच माणूस आपल्या शिष्टमंडळाचा म्होरक्या! पण नोंद ठेवायला हवी की रेझमनने भारताची बाजू पडू दिली नाही.

वसुली कसली, ते सांगतो. युद्धात ब्रिटनने भारतातून धान्य, कापड, तंबू, सगळं उचललं आणि बदल्यात लंडनच्या खात्यावर आकडे लिहिले. युद्ध संपेपर्यंत ही थकबाकी शंभर कोटी पौंडांच्या पुढे गेली. सुरतेच्या मार्केटात 'पार्टी उठली' म्हणतात, तसं काही नव्हतं. पार्टी जागेवरच होती, देणं कबूलही करत होती, फक्त देत नव्हती. श्रॉफ परिषदेत उठले आणि म्हणाले की आमची अवस्था बँकेत दहा लाख डॉलर असून टॅक्सीच्या भाड्याला सुटे पैसे नसलेल्या माणसासारखी आहे. सभागृह हसलं असेल. उत्तर मात्र असं मिळालं की हा ज्या त्या दोन देशांचा आपसातला मामला आहे, नाणेनिधी त्यात पडणार नाही.

दुसरी मागणी शब्दांची होती. नाणेनिधीच्या उद्दिष्टांत आर्थिकदृष्ट्या मागासलेल्या देशांची साधनसंपत्ती पुरती वापरात यावी असं कलम घाला, असा भारताचा आग्रह होता. बराच खल होऊन मसुद्यात 'सर्व सभासदांची उत्पादक साधनं' असे शब्द आले आणि मागासलेले देश गळाले. ज्याने कधी मंडळाचा ठराव लिहिला आहे त्याला ही युक्ती परिचयाची वाटेल. सगळ्यांचं नाव घातलं की नेमक्या माणसाचं नाव काढता येतं.

तिसरा मुद्दा खुर्चीचा. नाणेनिधीत मत वर्गणीप्रमाणे होतं. प्रत्येक देशाला 250 मतं सरसकट, आणि त्यावर दर एक लाख डॉलर वर्गणीमागे एक मत. अमेरिकेची वर्गणी 275 कोटी डॉलर, ब्रिटनची 130 कोटी, भारताची 40 कोटी, लायबेरियाची पाच लाख. हिशेब करा: अमेरिका 27,750 मतं, भारत 4,250, लायबेरिया 255. पहिल्या पाच वर्गणीदारांना संचालक मंडळात आपोआप खुर्ची. भारत सहावा होता. पण रशियाने नंतर सभासदत्वच घेतलं नाही, म्हणून भारत पाचवा झाला आणि खुर्ची मिळाली. 1950 साली पॅरिसला दोन्ही संस्थांची वार्षिक संयुक्त सभा भरली तेव्हा अध्यक्षस्थानी चिंतामणराव होते. पुढे बी. एन. आदरकर हे आणखी एक मराठी अर्थतज्ज्ञ नाणेनिधीत भारताचे कार्यकारी संचालक होते. 1970 मध्ये जपान पुढे गेला आणि ती आपोआप मिळणारी खुर्ची गेली; तेव्हापासून भारताला शेजारच्या लहान देशांना बरोबर घेऊन निवडून यावं लागतं.

त्या परिषदेच्या आधी थोर अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी आपल्या एका सहकाऱ्याला पत्र लिहिलं होतं. बोलावलेल्यांपैकी 21 देशांची यादी देऊन त्यांनी लिहिलं की यांच्याजवळ देण्यासारखं काही नाही, हे नुसती अडगळ होतील, आणि या जमावाला त्यांनी माकडांच्या पिंजऱ्याची उपमा दिली. भारत त्या यादीत नव्हता. हैती होता, लायबेरिया, इराण, इथिओपिया होते. ही यादी लक्षात ठेवा.

पैशाच्या दोन संस्था झाल्या, तिसरी व्यापाराची व्हायची होती. तिच्यासाठी 1947-48 च्या हिवाळ्यात हवानाला परिषद झाली, 53 देशांनी सनदेवर सह्या केल्या, त्यात कच्च्या मालाच्या भावाबद्दल आणि गरीब देशांच्या उद्योगांबद्दल बरंच काही होतं. अमेरिकेच्या संसदेने ती सनद मंजूरच केली नाही आणि संस्था जन्मण्याआधी गेली. उरला तो गॅट नावाचा करार. भारत त्याच्या पहिल्या 23 सह्या करणाऱ्यांपैकी एक. पण गॅटमध्ये जकातीची बोलणी व्हायची ती एखाद्या मालाचा सर्वांत मोठा विकणारा आणि सर्वांत मोठा घेणारा यांच्यात. गरीब देश क्वचितच कशाचा सर्वांत मोठा विकणारा असे. म्हणजे तो सभासद होता, पंगतीला होता, पण वाढपी त्याच्यापर्यंत येईस्तोवर बासुंदी संपलेली.

अंकटाडची स्थापना या उपाशी पंगतीतून झाली.

पहिली सभा जिनिव्हाला 23 मार्च 1964 रोजी सुरू झाली आणि 16 जूनपर्यंत चालली. आपली सर्वसाधारण सभा तीन तास चालली तर लोक चहाच्या नावाखाली घरी जातात. हे लोक बारा आठवडे बसले. 120 देश होते. अध्यक्ष इजिप्तचे कैसूनी, महासचिव अर्जेंटिनाचे राउल प्रेबिश. चे गव्हेरा क्युबाच्या वतीने बोलून गेले. सभा चालू असतानाच 27 मे रोजी इकडे पंडित नेहरू गेले.

प्रेबिश यांच्याबद्दल दोन ओळी जास्त लिहायला हव्यात, कारण संस्थेचा पाया त्यांच्या एका निरीक्षणावर उभा आहे. ते अर्जेंटिनाच्या मध्यवर्ती बँकेत होते, तिशीतल्या महामंदीत त्यांनी पाहिलं की गव्हाचे आणि मांसाचे भाव कोसळले तेवढे यंत्रांचे कोसळले नाहीत. पुढे 1949-50 च्या सुमारास त्यांनी आणि हान्स सिंगर यांनी आपापल्या वाटेने तोच निष्कर्ष काढला: कच्चा माल विकणाऱ्याला तेवढंच यंत्र घ्यायला दरवर्षी जास्त पोती द्यावी लागतात. हे खान्देशातल्या कुठल्याही शेतकऱ्याला समजावून सांगायची गरज नाही. कापसाच्या गाडीत पूर्वी काय काय यायचं आणि आता काय येतं, याचा हिशेब आमच्या वडिलांच्या तोंडी असायचा. ते अहिराणीत सांगायचे, प्रेबिश स्पॅनिशमध्ये.

सभा संपण्याच्या आदल्या दिवशी, 15 जूनला, 77 गरीब देशांनी एक संयुक्त निवेदन काढलं. आम्ही यापुढे एकत्र बोलू, असं त्यात होतं. त्यालाच 77 चा गट म्हणतात. आज गटात 134 देश आहेत, नाव अजून 77 च आहे. वर्षअखेरीला, 30 डिसेंबर 1964 रोजी, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव करून परिषदेला कायमची संस्था केलं. ठरावाचा क्रमांक 1995. घटनेतलं महत्त्वाचं कलम एकच: प्रत्येक सभासदाला एक मत. वर्गणी कितीही असो, अमेरिकेला एक, लायबेरियालाही एकच.

पण याच कलमात संस्थेची मर्यादाही होती. मतदानात गरीब देश कधीही जिंकू शकत होते, मात्र जिंकलेला ठराव श्रीमंत देशांवर बंधनकारक नव्हता. म्हणून बहुमताने हरवण्याऐवजी मनधरणी करून पटवावं लागे. नाणेनिधीत मत कमी पण निर्णय पक्का, इथे मत सारखं पण निर्णय कच्चा. त्यानंतरची साठ वर्षं या दोन खोल्यांमधल्या येण्याजाण्यातच गेली आहेत.

दुसरी सभा आपल्या देशात झाली. दिल्लीचं विज्ञान भवन, 1 फेब्रुवारी ते 29 मार्च 1968. अध्यक्ष व्यापारमंत्री दिनेश सिंग. आधीच्या ऑक्टोबरात अल्जियर्सला 77 च्या गटाने आपली मागण्यांची सनद तयार केली होती, ती घेऊन सगळे दिल्लीत आले. मागणी अशी होती की गरीब देशांनी बनवलेल्या वस्तूंवर श्रीमंत देशांनी जकात कमी घ्यावी किंवा घेऊच नये, आणि बदल्यात काही मागू नये. वरवर ही भीक वाटते. मुद्दा वेगळा होता. श्रीमंत देश कच्च्या कापसावर जकात घेत नसत, सुतावर थोडी घेत, कापडावर जास्त आणि शिवलेल्या शर्टावर सर्वांत जास्त. म्हणजे माल जितका पुढे न्याल तितकी अडवणूक. कापूस पिकवा, पण विणू नका, विणलात तर शिवू नका. दिल्लीत यावर ठराव क्रमांक 21 एकमताने झाला. सर्वसाधारण सवलत पद्धती असं त्याचं नाव. 1971 च्या जुलैत युरोपीय बाजाराने ती सुरू केली, मग जपानने, आणि अमेरिकेने 1976 पासून.

या ठरावाचा एक तुकडा पुढे सुरतेला पोचला. माल परदेशी पाठवणाऱ्या व्यापाऱ्यांच्या गादीवर हिरवट बारीक नक्षीचा एक छापील कागद असायचा, 'फॉर्म ए'. हा माल खरोखर भारतातच बनला आहे असा दाखला. टेक्स्टाइल कमिटीकडून तो शिक्का मारून आणला की तिकडच्या बंदरात जकात कमी लागायची. मी स्वतः दोनचार वेळा सायकलवर असे कागद नेले आहेत. मी बारा वर्षांचा, दोंडाईचाला असताना दिल्लीच्या विज्ञान भवनात झालेला ठराव आपण पिशवीत घेऊन चाललो आहोत, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर सायकल जरा ताठ बसून चालवली असती.

सवलतीत मेख होती. देणारा आपल्या मर्जीने देणार आणि मर्जीने काढून घेणार. अमेरिकेने तर बहुतेक कापड आणि कपडे सुरुवातीपासून सवलतीबाहेर ठेवले. आणि 5 जून 2019 रोजी भारताची संपूर्ण सवलतच काढून घेतली. प्रेबिश यांना दिल्लीच्या निकालाने फारसा आनंद झाला नव्हता, पुढच्याच वर्षी त्यांनी पद सोडलं. त्यांच्यानंतर व्हेनेझुएलाचे पेरेझ गुएरेरो आले, मग 1974 ते 84 अशी दहा वर्षं श्रीलंकेचे गामनी कोरिया.

कापडाची गोष्ट वेगळी काढून सांगायला हवी, कारण आपल्या घरात चूल तिच्यावर पेटली. 1961 साली श्रीमंत देशांनी सुती कापडाच्या आयातीवर एका वर्षासाठी तात्पुरती मर्यादा घातली. 1962 मध्ये ती 'दीर्घकालीन' झाली. 1974 पासून तिच्यात लोकर आणि कृत्रिम धाग्याचं कापडही आलं आणि त्याच धाग्यावर चालणारी सुरत आपोआप कक्षेत आली. कोणत्या देशाने कोणत्या प्रकारचं किती कापड पाठवायचं याचे आकडे ठरले, त्यालाच कोटा म्हणत. हे आकडे गरीब देशांच्या मालावर होते, श्रीमंतांनी आपसात ते लावले नाहीत. वर्षापुरता आलेला हा पाहुणा 43 वर्षं मुक्कामाला राहिला.

नव्वदीच्या सुरुवातीची आठवण आहे. आमच्याकडे बाहेरच्या ऑर्डरीचं पातळ कापड निघत होतं. एक दिवस मार्केटातून निरोप आला, कोटा संपला, नव्या वर्षापर्यंत बीम चढवू नका. मी खाली येऊन कारागिरांना सांगितलं. एकजण, आता नाही तो, मला म्हणाला, "कोटा म्हणजे राजस्थानचा का? त्यांनी आपलं काम पळवलं?" आमच्याकडे कोटा साडी माहीत, कोट्याची फरशी माहीत. मी त्याला अमेरिका, युरोप, टक्केवारी समजावू लागलो. तो ऐकून घेऊन म्हणाला, "मग आपल्याला विचारलं नाही का कुणी?" त्या सहा आठवड्यांत अर्धे कारागीर भुसावळच्या गाडीने घरी गेले. शेठने मीटरमागे पाच पैसे कमी केले ते नव्या वर्षातही वाढवले नाहीत. त्यासाठी मी जिनिव्हाला दोष देत नाही. कोट्याचं निमित्त करून दर पाडणारे इथलेच होते.

कोटा श्रीमंतांच्या गिऱ्हाइकालाही महाग पडतो, गरीब देशांत परवाने विकणारे दलाल तयार करतो, हे आकड्यांनी मांडायचं काम अंकटाडच्या अर्थतज्ज्ञांनी वर्षानुवर्षं केलं. पण तो उठवण्याचा सौदा झाला गॅटच्या उरुग्वे फेरीत, म्हणजे दुसऱ्या खोलीत, आणि त्याची किंमत गरीब देशांनी औषधांच्या पेटंटमध्ये आणि सेवाक्षेत्रात मोजली. 1995 पासून दहा वर्षांत चार टप्प्यांनी कोटा उठायचा होता: 16, 17, 18 आणि शेवटी 49 टक्के. बेरीज बरोबर शंभर. पहिल्या टप्प्यांत श्रीमंत देशांनी ज्यांच्यावर कोटा नव्हताच असे जिन्नस मोकळे केले आणि खरा माल शेवटच्या रात्रीसाठी ठेवला. 31 डिसेंबर 2004 च्या मध्यरात्री तो संपला.

संस्थेच्या मधल्या काळाबद्दल थोडक्यात लिहितो. 1974 साली आमसभेत नव्या आर्थिक व्यवस्थेची घोषणा झाली, तेलवाल्या देशांनी भाव चौपट करून दाखवल्यामुळे सगळ्यांना जोर आला होता. जहाज कंपन्यांच्या टोळक्यांना आवर घालणारा करार त्याच वर्षी झाला: माल पाठवणाऱ्या देशाच्या जहाजांना 40, घेणाऱ्याच्या 40, तिसऱ्याला 20 टक्के. 1976 मध्ये नैरोबीला चहा, कॉफी, कापूस, ताग अशा मालाचे भाव सांभाळायला एक सामायिक निधी ठरला. तो प्रत्यक्ष सुरू व्हायला 1989 उजाडलं, आणि तोवर त्यात जीव उरला नव्हता. मधे 1982 मध्ये मेक्सिको कर्जात बुडाला, मग एकेक देश एकेकटा नाणेनिधीच्या दारात उभा राहिला. एकत्र बोलायची शपथ घेतलेले सगळे कर्ज मागताना मात्र रांगेत एकटे. आपलीही पाळी आली. जुलै 1991 मध्ये सुमारे 47 टन सोनं गहाण म्हणून बँक ऑफ इंग्लंडकडे गेलं. देशमुखांनी 1944 मध्ये ज्या शहराकडून थकबाकी मागितली, त्याच शहरात.

1995 मध्ये जागतिक व्यापार संघटना आली आणि अंकटाडचं आता काय काम, असं उघड विचारलं जाऊ लागलं. बंधनकारक नियम तिकडे, तंटे तिकडे. संस्थेने मग सल्ला, आकडेवारी आणि साधी उपयोगाची कामं धरली. सीमाशुल्काचा हिशेब ठेवणारी तिची संगणक प्रणाली शंभराहून जास्त देशांनी वापरली आहे. भाषणांपेक्षा हे काम जास्त टिकेल, असं एका मेहताजीचं मत आहे.

गरीब देशांनी व्यापार संघटनेच्या या नव्या खोलीतही एकदा दार अडवलं, तेही कापसावरून. सप्टेंबर 2003, मेक्सिकोचं कानकून. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार आफ्रिकी देशांनी सांगितलं की अमेरिका आपल्या साधारण 25 हजार कापूस उत्पादकांना एवढं अनुदान देते की जगभर भाव पडतो आणि आमचे लाखो शेतकरी मरतात. त्याच वेळी ब्राझील, भारत आणि इतरांनी शेतीच्या प्रश्नावर गट बांधला. 14 तारखेला परिषद काही न ठरता मोडली. ब्राझीलने तर अमेरिकेवर कापसाचा दावा लावला आणि 2005 मध्ये अपिलातही जिंकला. अनुदानाने पाडलेला तो भाव जळगाव-धुळ्याच्या बाजार समितीतही लागत होता. खान्देशातून तापी लाइनने उधन्याला उतरलेल्या किती घरांच्या मागे असा पडलेला भाव आहे, हे आपण कधी मोजलं नाही.

आता जरा अडचणीची गोष्ट. 4 नोव्हेंबर 2019 च्या संध्याकाळी बँकॉकहून बातमी आली की भारत पूर्व आशियाच्या मोठ्या व्यापार करारातून बाहेर राहिला. चिनी कापडाची धास्ती घेतलेल्या आपल्या गल्ल्यांत त्या रात्री फटाके वाजले नाहीत तरी चहा फुकट वाटला गेला. भारत 'नाही' म्हणू शकला. लाओस किंवा कंबोडिया म्हणू शकले असते का? मोठ्या घराला नकार परवडतो.

आणि बांगलादेश? आपल्या भागात कुठल्याही सभेत बांगलादेशाचं नाव निघालं की आवाज चढतो. अतिगरीब देश म्हणून त्याला युरोपात जकात नाही, आपल्याला आहे. भारतानेही 2008 पासून अतिगरीब देशांना स्वतःची जकातमाफी दिली आहे, आणि चिनी कापडाचे तिथे शिवलेले कपडे इकडे बिनजकात येतात, ही कारखानदारांची तक्रार. तक्रार खोटी नाही. पण 1968 मध्ये दिल्लीत आपण जे मागितलं तेच ढाक्याचा कारागीर आज आपल्याकडे मागतो आहे, आणि आपण इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरणीवाल्यांसारखं बोलू लागलो आहोत. मी हे एका बैठकीत बोललो तेव्हा मला खाली बसवण्यात आलं. बोलायची संधी दिली होती, एवढं खरं.

नाणेनिधीत आजही अमेरिकेची साडेसोळा टक्क्यांच्या आसपास मतं आहेत आणि मोठ्या निर्णयाला 85 टक्के लागतात, म्हणजे तिच्याशिवाय पान हलत नाही. भारताची मतं सुमारे 2.6 टक्के. ती सरसकट मिळणारी मूळ मतं, ज्यांत लायबेरियाचा जीव होता, सुरुवातीला एकूण मतांच्या 11 टक्के होती, घसरत दोनवर आली, 2008 च्या सुधारणेने साडेपाचवर स्थिर झाली. सप्टेंबर 2023 मध्ये दिल्लीतच 20 मोठ्या अर्थव्यवस्थांच्या गटात आफ्रिकी संघाला कायमची जागा मिळाली. 55 देशांना मिळून एक खुर्ची.

शेवटी, रिवाजाप्रमाणे, सध्याची कार्यकारिणी. कार्यालय: पॅले दे नास्यों, जिनिव्हा. सभासद: 195. साठाव्या वर्षी, 2024 मध्ये, संस्थेने जुनी आद्याक्षरं मागे ठेवून नवं सुटसुटीत नाव घेतलं, लोक अजून अंकटाडच म्हणतात. सोळावी सभा ऑक्टोबर 2025 मध्ये जिनिव्हालाच झाली. महासचिवपदी 2021 मध्ये रेबेका ग्रिनस्पॅन आल्या, या पदावरच्या पहिल्या महिला. त्या कोस्टा रिकाच्या. केन्स यांच्या त्या 21 नावांच्या यादीत दुसरं नाव कोस्टा रिकाचं होतं.